माती शिसं धरून ठेवतेय का, हे तपासायची रीत

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात माझं माहेर. धाकट्या भावाच्या शेताच्या वरच्या अंगाला एक पत्र्याची शेड होती. तिथं जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायची भट्टी चालायची. भट्टी बंद होऊन सात-आठ वर्षं झाली, शेडचे पत्रेही कुणीतरी नेले, पण दर पावसाळ्यात उतारानं जे खाली आलं ते भावाच्या वरच्या चार गुंठ्यांत मुरून राहिलं. त्या तुकड्यात वहिनी मेथी-पालक करायची आणि घरची पोरं तिथंच मातीत खेळायची. मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत बावीस वर्षं सँड टेस्टिंगला (साच्यांची वाळू तपासायला) होते. चाळणी, वजनकाटा, ओल मोजणं, नमुना घेणं यात माझा जन्म गेला, म्हणून हे काम माझ्याकडं आलं. तीन पावसाळे त्यात गेले. ज्याच्या शेतात असं काही आहे, किंवा ज्या शिक्षकाला मुलांकडून असा प्रकल्प करून घ्यायचा आहे, त्याच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. शिसं जळत नाही, कुजत नाही, उडून जात नाही. चुना घाला, फॉस्फेट घाला, कोळसा घाला, मातीतलं एकूण शिसं तेवढंच राहतं. उपायानंतर पुन्हा ‘एकूण शिसं किती’ हीच टेस्ट करून आणणारे लोक मी पाहिलेत. आकडा हलला नाही म्हणून ते निराश होतात, नाहीतर थोडा कमी आला म्हणून खूश होतात. दोन्ही चूक. एकूण शिसं एकदाच मोजायचं, सुरुवातीला. आमचं दर किलो मातीमागं साधारण १,४०० मिलिग्रॅम निघालं. त्यानंतर विचारायचं ते वेगळंच: पावसाच्या पाण्यात त्यातलं किती सुटतं, भाजीत किती चढतं, आणि पोरानं मातीचा हात तोंडात घातला तर पोटात किती सुटेल. या तिन्ही प्रश्नांच्या टेस्ट वेगळ्या आहेत. एकीचं उत्तर दुसरीला लावू नका.

नमुना

रोहिणी निघायच्या आत, माती कोरडी असताना नमुना घ्या. चार गुंठ्यांत नागमोडी फिरून दहा-बारा ठिकाणी १५ सेंटिमीटरपर्यंतची माती काढायची. त्याखालच्या १५ सेंटिमीटरची माती वेगळ्या पिशवीत. खुरपं स्टीलचं घ्या. जस्ताची बादली, रंगवलेलं घमेलं लांब ठेवा, कारण तिथूनच जस्त आणि शिसं मातीत येतं. सावलीत प्लास्टिकच्या कागदावर वाळवा, लाकडी बत्त्यानं ढेकळं फोडा, २ मिलिमीटरच्या नायलॉन चाळणीतून काढा. मग चौथाई: ढीग चपटा करा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, उरलेले दोन पुन्हा मिसळा, हवा तेवढा नमुना उरेपर्यंत.

बॅटरीच्या भट्टीजवळच्या मातीत शिशाचे बारीक कण असतात. एक कण एका चमच्यात आला आणि दुसऱ्यात आला नाही, की दोन आकड्यांत दुपटीचा फरक पडतो. कुंड्यांसाठीची सगळी माती म्हणूनच एकाच ढिगात तीनदा उलटीपालटी करून घ्या. या एका पायरीवर आम्ही पूर्ण दिवस घालवला, आणि तो सार्थकी लागला.

हातमोजे, तोंडाला चांगला मास्क, आणि वाळलेली माती झाडूनं झाडायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची. कपडे वेगळे धुवायचे. पोरांना त्या अंगणात सोडायचं नाही. आमच्या घरच्या दोन्ही पोरांचं रक्त आम्ही सगळ्यात आधी तपासून घेतलं. तुम्हीही तसंच करा, मातीची टेस्ट नंतर. अमेरिकेत मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम शिसं आढळलं तरी डॉक्टर लक्ष घालतात.

पंधरा कुंड्या

उपाय थेट शेतात टाकून मग बघू, असं करू नका. प्रत्येकी पाच किलो मातीच्या कुंड्या भरा. आम्ही पाच प्रकार केले, प्रत्येकाच्या तीन कुंड्या: काहीच न घातलेली माती, विरलेला चुना, सिंगल सुपर फॉस्फेट, भाताच्या तुसाचा कोळसा, आणि फॉस्फेट घालून महिन्याभरानं चुना. ‘काहीच न घातलेली’ ही कुंडी कधीही वगळू नका. पाणी, ऊन, वेळ यांनी जे आपोआप होतं ते तीच दाखवते.

चुना आम्ही किलोला १० ग्रॅम धरला. गुंठ्यात १५ सेंटिमीटर खोलीची माती साधारण २० टन भरते, म्हणजे गुंठ्याला २०० किलो चुना. फॉस्फेटचा हिशेब असा: शिसं आणि फॉस्फेट मिळून पायरोमॉर्फाइट नावाचं खनिज बनतं, त्यात शिशाच्या पाच अणूंना फॉस्फरसचे तीन लागतात. १,४०० मिलिग्रॅम शिशाला १२६ मिलिग्रॅम फॉस्फरस पुरतो. सुपर फॉस्फेटमध्ये फॉस्फरस सुमारे ७ टक्के, म्हणून किलोमागं १.८ ग्रॅम. पण सगळं फॉस्फेट शिशापर्यंत पोचत नाही. आमच्या तांबड्या मातीतलं लोखंड आणि ॲल्युमिनियम त्यातलं बरंच आधी ओढून घेतं. म्हणून चौपट, ७ ग्रॅम घातलं. चुना त्याच दिवशी घालायचा नाही. शिसं थोडं विरघळल्याशिवाय ते खनिज बनत नाही, आणि चुना ते विरघळणंच थांबवतो.

जे घालणार ते आधी तपासून घ्या. रॉक फॉस्फेटमध्ये कॅडमियम असू शकतं, साखर कारखान्याच्या प्रेसमडमध्ये (रसाच्या गाळात) काय आहे ते कारखान्यागणिक बदलतं.

कुंड्या वाफशावर ठेवा, चिखल नको आणि धूळही नको. मधून दोन-तीनदा पूर्ण वाळू द्या, पुन्हा भिजवा. दोन महिन्यांच्या आत टेस्ट करू नका.

पाण्याची टेस्ट

सोपी टेस्ट बाटलीतली. १० ग्रॅम माती, १०० मिलिलिटर पाणी, त्यात लिटरला १.४७ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड (डायहायड्रेट म्हणून मिळतं ते). दोन तास हलवायचं, गाळायचं, गाळलेल्याचा पीएच (आंबटपणाचा आकडा, जितका कमी तितकं पाणी आंबट) मोजायचा, मग नायट्रिक ॲसिडचे थेंब टाकून पीएच २ च्या खाली आणून लॅबला द्यायचं. ॲसिड टाकायच्या आधी पीएच मोजायला विसरलात तर ती बाटली गेली असं समजा. हे का, ते पुढं येईल.

त्याहून खरी टेस्ट पाइपातली. चार इंची पाइपाचा दोन फुटी तुकडा, खाली जाळी आणि धुतलेली सिलिका वाळू, वर कुंडीतली माती, अगदी वर पुन्हा बोटभर वाळू. अशा पाइपाचं तोंड सुमारे ७८ चौरस सेंटिमीटर. बेळगावात वर्षाला साधारण १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो, तेव्हा पाइपात १० लिटर पाणी सोडलं की एक वर्षाचा पाऊस झाला. शेतात काही पाणी वाहून जातं, काही उडून जातं, म्हणजे ही टेस्ट थोडी कडकच आहे, आणि तशीच असू दे. आम्ही रोज अर्धा लिटर हळूहळू सोडत गेलो. पाणी पावसाचंच घ्या, पहिल्या दोन-तीन सरींचं सोडून. बोअरचं पाणी चालत नाही. त्यातल्या बायकार्बोनेटनं शिसं बसून जातं आणि निकाल विनाकारण चांगला दिसतो.

पहिल्या वर्षी माझ्या हातून मोठी चूक झाली. एक पाइप नुसती धुतलेली वाळू भरून ठेवायला हवा होता, तो ठेवला नाही. दुसऱ्या वर्षी ठेवला, तर त्या वाळूच्या पाइपातूनही शिसं आलं. जुन्या पीव्हीसी पाइपांत शिशाचा स्टॅबिलायझर (प्लास्टिक टिकावं म्हणून घालतात ते) वापरत असत. आपल्या देशात त्याविरुद्धचा नियम २०२१ साली आला. माझे पाइप घराच्या जुन्या कामातले उरलेले होते. पहिल्या वर्षीचे सगळे आकडे मला फेकावे लागले. एचडीपीईचा (पॉलिथिलीनचा) पाइप घ्या, आणि तरीही वाळूचा एक पाइप शेजारी उभा कराच.

खाली येणारं पाणी दोन बाटल्यांत घ्या. एक ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून, एक तसंच. तांबड्या मातीचा गाळ शिसं पाठीवर घेऊन जातो. गाळलेल्या पाण्यात काही नाही आणि गढूळ पाण्यात भरपूर, असं झालं तर तुमचा प्रश्न चुन्या-फॉस्फेटनं सुटणारा नाही. बांध, गवत आणि चर यांनी सुटणारा आहे. गाळलेल्या पाण्याचा आकडा पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेशी ताडून बघता येतो: शिसं लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, आर्सेनिक तेवढंच, कॅडमियम ०.००३.

चुन्याची कुंडी

चुन्याच्या पाइपातून पाणी आलं ते बघून भाऊ म्हणाला, “अक्का, शिसं दिसंनाच की गा आता. मग झालं नव्हं, उद्याच चुना मागवू?” आकडा खरंच सुंदर होता. न घातलेल्या मातीच्या विसाव्या हिश्शाइतकंही शिसं आलं नव्हतं. फॉस्फेटच्या पाइपातून चुन्यापेक्षा थोडं जास्तच येत होतं. इथं थांबले असते तर मी चुनाच घालायला सांगितलं असतं.

पण बाटल्यांवर मी पीएच लिहून ठेवला होता. न घातलेल्या मातीचा ५.४, फॉस्फेटचा ५.३, चुन्याचा ७.६. शिसं आंबट पाण्यात सुटतं आणि पीएच चढला की बसतं. म्हणजे चुन्यानं शिसं बांधलं, की नुसती माती गोडी केली? चुना संपला की पुन्हा पहिल्यासारखं होणार का? आमच्याकडचा पाऊस आणि खतं चुना खात राहतात. एक किलो अमोनियम सल्फेट साधारण एक किलो चुनखडीचा जोर संपवतं.

हे ठरवायला ॲसिडच्या पायऱ्यांची टेस्ट आहे, आणि माझ्या मते सगळ्यात कामाची हीच. प्रत्येक प्रकारच्या मातीच्या पाच बाटल्या करा. प्रत्येकीत २० ग्रॅम माती आणि डिस्टिल्ड वॉटर मिळून २०० मिलिलिटरची खूण. त्यात एक नॉर्मल नायट्रिक ॲसिड अनुक्रमे ०, १, २, ४ आणि ८ मिलिलिटर. हे पातळ ॲसिड कॉलेजच्या लॅबमधून तयारच घ्या, जाड ॲसिड घरी आणू नका. चुन्याच्या मातीला फेस येतो, म्हणून झाकण लगेच घट्ट लावायचं नाही. दोन दिवस अधूनमधून हलवत ठेवा. पीएच मोजा, गाळा, लॅबला द्या. निकाल आले की आलेखाच्या कागदावर आडवा पीएच, उभं शिसं.

आमच्या कागदावर चुन्याचे ठिपके आणि न घातलेल्या मातीचे ठिपके एकाच रेषेवर पडले. चुन्याची माती त्याच रेषेवर नुसती उजवीकडं सरकली होती. ४ मिलिलिटरला ती ५.८ वर आली, ८ मिलिलिटरला ४ च्या खाली, आणि शिसं पहिल्यासारखंच सुटलं. फॉस्फेटची रेषा मात्र वेगळीच होती, सगळीकडं खाली. पीएच ४.५ ला सुद्धा न घातलेल्या मातीच्या पाचव्या हिश्शाइतकं. तिथं शिसं खरंच दुसऱ्या रूपात गेलं होतं. तुसाचा कोळसा दोन्हींच्या मधे, आणि त्याच्या तीन कुंड्यांत आपापसातच इतका फरक, की मी त्यावर भरवसा ठेवला नाही.

तुम्ही काहीही घाला, सिमेंट असो, राख असो, बाजारात पिशवीत मिळणारी पावडर असो, हा आलेख काढल्याशिवाय विकणाऱ्याला पैसे देऊ नका. राख आणि सिमेंटही चुन्यासारखंच फसवू शकतात, कारण तीही क्षारीच असतात.

लॅबवाले बहुतेक टीसीएलपी सुचवतात. ती टेस्ट कचरा डेपोत टाकल्यावर काय होईल हे बघायला बनवलेली आहे: मातीच्या वीस पट ॲसेटिक ॲसिडचं पाणी, १८ तास, मिनिटाला ३० फेरे. शिशाची मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम, आणि २०१६ च्या घातक कचरा नियमांतही हाच आकडा आहे. माती उचलून डेपोला न्यायची असेल तर ती करावीच लागेल. शेतातच ठेवायची असेल तर तिच्या ‘पास’वर उड्या मारू नका. लिटरला ५ म्हणजे पिण्याच्या मर्यादेच्या पाचशे पट. करायचीच असेल तर लॅबला सांगा की शेवटचा पीएच रिपोर्टवर लिहा. आमच्या चुन्याच्या मातीचा तो ५.२ होता आणि शिसं जवळजवळ न घातलेल्या मातीइतकं. तिथंही चुना उघडा पडला.

शेती खात्याच्या पद्धतीची डीटीपीए टेस्ट (पिकाला मिळू शकणारे धातू मोजायची) स्वस्त पडते, पण तिचं पाणी ७.३ पीएचला बांधलेलं असतं. आंबट मातीत काय होतं ते तिला विचारण्यात अर्थ नाही.

आर्सेनिक

आता फॉस्फेटची दुसरी बाजू. बॅटरीच्या जाळीत शिशाबरोबर अँटिमनी असतं आणि थोडं आर्सेनिकही. आमच्या तांबड्या मातीतलं लोखंड आर्सेनिक चांगलं धरतं. पण आर्सेनिकचा आणि फॉस्फेटचा अवतार जवळजवळ सारखा, आणि फॉस्फेट आलं की ते आर्सेनिकला उठवून त्याच्या जागेवर बसतं. फॉस्फेटच्या पाइपातून शिसं उतरलं तसं आर्सेनिक चढलं. पहिल्या दोन लिटरांत तर पिण्याच्या मर्यादेच्या तिप्पट. भावाची विहीर त्याच उताराला, साठ पावलांवर.

म्हणून लॅबला नुसतं शिसं लिहून देऊ नका. शिसं, आर्सेनिक, अँटिमनी, कॅडमियम एकदम मागा. प्लेटिंगच्या सांडपाण्याची माती असेल तर क्रोमियम सहा (क्रोमियमचं जास्त विषारी रूप) वेगळं मागा, कारण ते उलट वागतं: चुना घातला की जास्त सुटतं. एका धातूला बसवणारा उपाय दुसऱ्याला उठवतो का, हे प्रत्येक पाइपाला विचारायचं.

भाजी आणि पोट

कुंड्यांत पालक लावा, ४० दिवसांनी कापा. पानं नळाच्या आणि मग डिस्टिल्ड पाण्यात तीनदा धुवा, नाहीतर मोजाल ती पानावर उडालेली माती. आम्ही कुंडीवर गवताचं आच्छादन घातलं तेव्हा सगळ्याच कुंड्यांच्या पालकातलं शिसं उतरलं, न घातलेल्या मातीच्यासुद्धा. मुळातून चढलेल्यापेक्षा शिंतोड्यातून आलेलं जास्त होतं. पालेभाजीला आंतरराष्ट्रीय मर्यादा ताज्या वजनावर किलोला ०.३ मिलिग्रॅम आहे. लॅब सुक्या वजनावर देते. पालकात नव्वद टक्के पाणी धरलं तर तिथं ३ च्या आत हवं. रताळ्याचं साल वेगळं तपासा, माती सालाच्या खाचांत राहते.

पोटाच्या टेस्टला ग्लायसीनचं पाणी लागतं, पीएच १.५, तापमान ३७ अंश, एक तास, मातीच्या शंभर पट. माती १५० मायक्रॉनखालचीच घ्यायची, हाताला चिकटते तेवढीच. ही घरी होत नाही, पण पोरं असतील तर पैसे साठवून करून घ्या. पोटाच्या ॲसिडपुढं चुन्याचं काहीच चालत नाही.

लॅबवर भरवसा ठेवायचा, पण पारखून. दर दहा बाटल्यांत एक नुसत्या पाण्याची, आणि एकच नमुना दोन नावांनी. मी एक बाटली ‘पाइप ४’ म्हणून दिली आणि तीच ‘विहीर वरची’ म्हणून. दोन्ही आकडे दहा टक्क्यांच्या आत आले, तेव्हा पुढचे नमुने तिथंच दिले. उरलेलं ॲसिडचं पाणी आणि पाइपांचं पाणी मोरीत किंवा शेतात ओतायचं नाही. आमचं कॅनमध्ये झाकून ठेवलेलं आहे, लॅबच्या घातक कचऱ्याबरोबर जायला.

शेवटी भावाच्या चार गुंठ्यांत निम्मं फॉस्फेट घातलं, महिन्याभरानं थोडा चुना, आणि विहिरीच्या बाजूला लोखंडाच्या गंजाचा चुरा मिसळलेल्या मातीचा एक पट्टा, आर्सेनिक अडवायला. पाइपात तसाच थर भरून बघितला तेव्हा आर्सेनिक मर्यादेच्या आत आलं होतं. वर हत्ती गवत आहे, भाजी बंद आहे, कुंपण घातलंय. प्रत्येक प्रकारची एकेक किलो माती तारीख लिहून बंद डब्यात ठेवली आहे, पुढच्या वर्षीची त्याच्याशी ताडायला. विहिरीचं पाणी मृगाच्या आधी, गणपतीत आणि दसऱ्याला तपासतो. दसऱ्याला त्याच पाच बाटल्यांचा आलेख शेतातल्या मातीवर पुन्हा काढायचा आहे. जुना कागद पोटमाळ्यावर आहे, नवीन रेषा त्याच कागदावर लाल शाईनं काढीन.